गाय, बैलगाड्या आणि पदक

जिंकलेल्या बाईला बक्षीस काय द्यायचं? आपल्याकडे शाल-श्रीफळ, फार तर स्टीलचा डबा. अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनला मात्र चक्क गाय मिळाली! पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं, असा तिचा खेळ. त्याला स्कीइंग म्हणतात. 2005 साली फ्रान्समधल्या व्हाल-दिझेरला ती जिंकली आणि बक्षिसात गाय आली. संयोजकांना वाटलं, ही पैसे घेईल अन् गाय परत करेल. पण बाई हटून बसली, गायच हवी! ऑलिंप नावाची ती गाय मग ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात राहिली, पुढे तिला वासरूही झालं. दुभतं जनावर कोण परत करेल हो?

2009 मध्ये तिथंच ती जगज्जेती ठरली. एवढ्या वेगाच्या शर्यतीतून धडधाकट खाली आली, आणि आनंदोत्सवात फुटक्या बाटलीनं अंगठा कापला. थेट शस्त्रक्रियाच!

हे वाचताना मला आपले खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. 1948 ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. मैत्रिणींनो, घर गहाण म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथं तर पोटचा मुलगाही नव्हे, कॉलेजातला विद्यार्थी!

खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गावानं बक्षीस काय दिलं, तर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक! ढोल, लेझीम, गुलाल. पण बैलगाड्यांनी कर्ज फिटत नाही. मग या गड्यानं कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढला आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. मला विचाराल तर पदकापेक्षा ही कुस्ती मोठी.

सरकारदरबारी मात्र सगळं उशिरानं. पोलिसात नोकरी लागली ती 1955 ला. 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी! त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

आमच्या शिरपूरलाही मुली धावतात, कबड्डी खेळतात. जिंकल्या की टाळ्या, हार, फोटो. घरी गेल्यावर आई विचारते, "हे ठेवू कुठं?" बुटांचे पैसे मात्र तिनंच भिशीतून काढलेले असतात. म्हणून मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, यंदा शर्यतीत पहिलं बक्षीस बकरीचं ठेवू. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "अन् शर्यत होईपर्यंत ती बांधाची कोणाच्या घरी?"

त्यावर अर्धा तास चर्चा झाली. बूट तर दोघींनी तिथंच कबूल केले. बकरीचं अजून ठरायचं आहे.