आमच्यामागे याचे कोण?

मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. भालकी तालुक्यातील एका खेड्यातून एक पतिपत्नी सायंकाळी आमच्या दारी आली. सोबत चौदा वर्षांचा मुलगा. बापाने त्याचे मनगट घट्ट धरले होते. मुलगा बोलत नाही. हाक मारली तरी वळून पाहत नाही. मध्यरात्री कडी काढून विहिरीची वाट धरतो. मनाविरुद्ध काही घडले की स्वतःचा हात रक्त येईतो चावतो. शेतावर जाताना त्याला खांबाला बांधून ठेवावे लागते, हे सांगताना बापाची मान खाली गेली. आई एवढेच म्हणाली, “फादर, आमच्यामागे याचे कोण?”

आम्हांस येथे एक कबुली दिली पाहिजे. हीच माउली काही वर्षांपूर्वी आली असता आम्ही तिला धीर धरण्यास सांगितले, मुलाच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना केली आणि तिला निरोप दिला. प्रार्थना योग्यच होती. परंतु कोठे जावे हे आम्ही सांगितले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते. तेव्हापासून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या अवस्थेस मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची लक्षणे नोंदवून तिची ओळख जगास करून दिली. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे विद्वानही आईच्या कोरडेपणाला दोष देत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा पिता होता, हा आरोप खोडून काढला. आज हे निश्चित आहे की ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता होय. आईचे पाप नव्हे, ग्रहणाचा दोष नव्हे, कोणाची करणी नव्हे. जन्मांध मनुष्याविषयी कोणी पाप केले असे शिष्यांनी विचारले असता प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला, हे आपण योहानाच्या शुभवर्तमानात वाचतोच. हिला रामबाण औषध नाही. शिक्षणाने पुष्कळ सुधारणा होते. परंतु काही मुलांना जन्मभर रात्रंदिवस कोणीतरी सोबत लागते.

अशा मुलासाठी आश्रम शोधण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले, जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड मिळवावे. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, आणि हे कार्ड साऱ्या भारतात चालते. आपण कर्नाटकात राहतो व घरी मराठी बोलतो. लातूर, बिदर, हैदराबाद तिन्हीकडे आपली ये-जा. म्हणून ही सोय आपणांस विशेष मोलाची. दुसरे, तज्ज्ञांकडून मुलाची नीट तपासणी करून घ्यावी. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची तपासणी करते व आईबापांना शिकवितेही. भालकीची आगगाडी विकाराबादवरून त्याच दिशेस जाते. पुष्कळदा मुलाच्या चावण्यामागे दातदुखी किंवा पोटदुखी असते; त्यास ती सांगता येत नाही, इतकेच.

१९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारने स्थापिलेल्या राष्ट्रीय न्यासाचीही वाचकांनी माहिती करून घ्यावी. ‘निरामय’ ही त्याची आरोग्यविमा योजना, आणि ‘समर्थ’ व ‘घरौंदा’ या निवासाच्या. मुलगा अठरा वर्षांचा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. आईबापांनी आपल्या हयातीतच हे करून ठेवावे; भावाबहिणींच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

अठरा हे वय फार नाजूक आहे. बालगृहातील मुलांना या वयानंतर तेथे राहता येत नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे टाकून दिलेल्या अपंग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर यांनी, अशा लेकरांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नये, म्हणून वर्षानुवर्षे सरकारशी झगडा दिला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून आश्रमात पहिला प्रश्न हाच विचारावा : अठरानंतर काय?

आणि आश्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. नाव ऐकून भुलू नये. २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील एका वसतिगृहात मतिमंद मुले कुपोषणाने दगावल्याचे वृत्त आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. सरकारी नोंदणीपत्र मागावे. जेवणाच्या वेळी, न कळविता जावे. रात्री किती मुलांमागे किती माणसे जागी असतात, हे विचारावे. मुलांच्या अंगावर वळ आहेत काय, ते पाहावे. भेटीस मज्जाव करणारा आश्रम कितीही स्वच्छ असो, त्याची पायरी पुन्हा चढू नये.

आम्ही त्या पित्यासह तीन ठिकाणी गेलो. चावतो हे ऐकताच एकाने नकार दिला. दुसरे आम्हांसच पसंत पडले नाही. तिसऱ्याने एक महिना ठेवून पाहण्याचे मान्य केले. तेथील सेविकांची बोली कानडी. म्हणून आईने ‘पाणी’, ‘जेव’, ‘नको’, ‘दुखतंय’ अशा वीस मराठी शब्दांचा कागद त्यांना लिहून दिला, आणि त्याची जुनी गोधडी सोबत दिली. महिन्याचे वर्ष झाले. मुलगा अजून बोलत नाही, परंतु आता कोणी त्याला बांधीत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आईबाप त्यास भेटतात.

पहिल्या रात्री ती माउली कित्येक वर्षांनी सलग झोपली, आणि सकाळी त्या झोपेबद्दलच रडली. शेजारणी म्हणाल्या, “लेकराला टाकून आली.” वाचकहो, हे शब्द आपल्या तोंडून कधी निघू नयेत. खांबाची दोरी सोडविणे म्हणजे टाकणे नव्हे. आपल्या गावात असे घर असेल, तर आठवड्यातून एक दुपार त्या मुलाजवळ बसा; आईला बाजारात जाऊन येऊ द्या. आश्रम मिळेल तेव्हा मिळेल, तोवर “याचे कोण?” या प्रश्नाचे उत्तर आपणच आहोत.