रब्बीच्या गाडीत सापडलेली पर्स

जिल्हा न्यायालयात ३१ वर्षं मी लघुलेखिका होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून माझं टेबल चार हातांवर. सरतपासणीत घडाघडा बोलणारा माणूस उलटतपासणीत एकेका शब्दाला कसा अडखळतो, ते रोज बघत होते. म्हणूनच चपलेच्या चिखलावरून खुनी ओळखणारे कादंबऱ्यांतले हुशार डिटेक्टिव्ह मला कधी पटले नाहीत. चिखल लागला कुठे, कधी, चप्पल त्या दिवशी कुणाच्या पायात होती, हे सगळं विचारावं लागतं, आणि ज्याला विचारलं त्याचं शेवटपर्यंत ऐकूनही घ्यावं लागतं. असा ऐकून घेणारा माणूस मला एकाच रहस्यकथेत भेटला. त्याचं नाव डेव्हिड स्मॉल, आणि तो अमेरिकेतल्या एका लहान गावातला रब्बी आहे.

हॅरी केमेलमन या लेखकाची 'फ्रायडे द रब्बाय स्लेप्ट लेट' ही कादंबरी १९६४ साली आली. पहिल्या कादंबरीसाठीचा 'एडगर' हा अमेरिकेतल्या रहस्यकथांचा मानाचा पुरस्कार तिला मिळाला. मला ती मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मिळाली, कव्हर सुटलेली. परतीच्या गाडीत पन्नास पानं झाली आणि उरलेली त्याच रात्री संपवली.

रब्बी म्हणजे यहुद्यांचा पुजारी, असा आपला समज असतो. माझाही होता. या कादंबरीत रब्बी स्वतःच गावच्या पोलीसप्रमुखाला समजावून सांगतो की मी पुजारी नाही. प्रार्थनेला दहा पुरुष जमले की झालं, रब्बी असलाच पाहिजे असं नाही. रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला माणूस. दोघांचा वाद झाला तर शास्त्र काय म्हणतं ते त्यानं सांगायचं. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रीबुवांसारखं म्हणा. कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांत अशी भांडणं मिटवणाऱ्याला 'काजी' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून अलिबागकडे या लोकांना 'शनवार तेली' हे नाव पडलं, ते त्यांच्या शब्बाथमुळे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो.

कादंबरीची सुरुवात खुनाने होत नाही, आणि तिचं सगळं मर्म त्या सुरुवातीत आहे. सकाळच्या प्रार्थनेला माणसं जमताहेत, आणि त्यांतल्या दोन मित्रांमध्ये मोटारीवरून बिनसलंय. एकाची गाडी दुसऱ्याकडे असताना तिचं इंजिन जळालं. भरपाई कुणी द्यायची? रब्बी दोघांनाही बसवून घेतो. आवाज न चढवता एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि बोलता बोलता भांडणाचा रंगच बदलतो. ते पान वाचताना माझी बोटं लघुलिपीत हलायला लागली होती. असा न्यायाधीश समोर असला की टिपण घ्यायला आनंद वाटतो.

रब्बीला हे बळ येतं ताल्मुदातून, म्हणजे यहुद्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातून. ताल्मुदाचं पान बघण्यासारखं असतं. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशीची टीका, दुसऱ्या बाजूला त्याच्यानंतरच्या पंडितांची. मधल्या मजकुरात वादच वाद. बैलाने शिंग मारलं तर मालकाने किती द्यायचं? बैल आजवर गरीब असेल तर निम्मी भरपाई. तीनदा मारलेलं असेल आणि मालकाला तशी ताकीद मिळालेली असेल तर पुरी. जो पंडित वादात हरला त्याचंही मत तिथे जपून ठेवलेलं आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, तोही असा की प्रतिपक्षालासुद्धा तो आपलाच वाटावा, आणि मग उत्तर देतात. त्याच जातीची ही शिस्त. त्यातल्या बारीक कीस काढण्याला 'पिलपुल' म्हणतात, आणि रब्बी स्मॉल खुनाच्या तपासात तेच करतो.

तपास मात्र त्याला नकोच होता. तो तरुण आहे, कपड्यांकडे लक्ष नाही, बायको मिरियम गरोदर आहे. बार्नर्ड्स क्रॉसिंग या मॅसॅच्युसेट्समधल्या गावात त्याची नोकरी टिकेल की नाही हेच ठरायचंय. कराराची मुदत संपत आलीय. मंदिराच्या समितीतल्या काहींना रुबाबदार, छान भाषणं करणारा रब्बी हवाय. त्या गटाचा म्होरक्या बेकर हा मोटारींचा व्यापारी. म्हातारे वॉसरमन मात्र स्मॉलच्या पाठीशी आहेत, कारण विद्या कशाला म्हणतात ते त्यांना कळतं. देवस्थानच्या विश्वस्तांची बैठक ज्यांनी पाहिलीय त्यांना ही माणसं लगेच ओळखीची वाटतील.

एका गुरुवारी रात्री पुस्तकांचा खोका आलेला असतो. रब्बी मंदिरातल्या खोलीत वाचत बसतो आणि मध्यरात्र उलटल्यावर गाडी तिथेच ठेवून चालत घरी जातो. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या आवारात एका मुलीचं प्रेत सापडतं आणि तिची पर्स रब्बीच्या गाडीत.

आमच्या कोर्टात मुद्देमाल यायचा तो लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल लावून. टेबलावर ठेवला की सगळ्यांच्या नजरा तिकडे. मी तेव्हा आरोपीकडे बघायची. त्या वस्तूमुळे तो एका क्षणात वेगळाच माणूस झालेला असायचा. स्मॉलचं तसंच होतं. तो चिडत नाही. पर्स गाडीत कुणी ठेवली, की ती विसरून राहिली? गाडीत कुठे होती? मी खुनी असतो तर ती तिथे राहू दिली असती का? स्वतःविरुद्धचा पूर्वपक्ष तो स्वतःच मांडतो. समोर बसलेला पोलीसप्रमुख लॅनिगन हा आयरिश कॅथलिक, आणि संशयिताशी गप्पा मारता मारता त्याला या माणसाबद्दल आदर वाटू लागतो. त्यांची मैत्री मला खुनाच्या उकलीपेक्षाही जास्त आवडते.

मग पोलीस दुसऱ्यालाच पकडतात. तो असतो बेकरचा धंद्यातला भागीदार. ज्या बेकरला रब्बी नको आहे, त्याच्याच माणसाला भेटायला रब्बी कोठडीत जातो. हा निर्दोष आहे असं त्याला बोलण्यातून दिसतं, आणि दिसल्यावर गप्प बसणं त्याच्या विद्येत बसत नाही. तिथून पुढे मात्र तो मागे हटत नाही. पुढचं सांगत नाही.

केमेलमन १९०८ साली बॉस्टनमध्ये जन्मले आणि इंग्रजी शिकवत. आधी त्यांनी उपनगरातल्या यहुदी समाजावर साधी कादंबरी लिहिली होती, ती कुणी छापेना. एका संपादकाने सुचवलं की तुमच्या रहस्यकथांचं कसब त्यात घाला. म्हणून या पुस्तकात खून नसलेली पानंही इतकी जिवंत आहेत. पुढे शनिवार, रविवार करत आठवड्याचे सगळे वार झाले, आणि शेवटची कादंबरी आली १९९६ साली, ज्या वर्षी ते वारले.

माझा भाचा नुकताच वकिली करायला लागलाय. त्याला मी ही कादंबरी दिली. परत करताना म्हणाला, "मावशी, खुनी कळला, पण रब्बीला कळलं कसं, ते नीट लक्षात आलं नाही."

मी पुस्तक पुन्हा त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "मोटारीच्या भांडणाचं पहिलं प्रकरण परत वाच. त्यात तो दोघांना काय काय विचारतो, ते एका कागदावर लिहून काढ. मग पर्सकडे ये."