व्याख्यान मोबाइलवर, खल हातात

लिक्विड पॅराफिनचं इमल्शन करायचं तर प्रमाण ठरलेलं आहे: तेल 3 भाग, पाणी 2 भाग, अकेशियाचा डिंक 1 भाग. कोरड्या खलात डिंकाची पूड तेलात घोटायची, मोजलेलं पाणी एकदम ओतायचं आणि बत्ता एकाच दिशेने भराभर फिरवायचा. मिश्रण पांढरं, दाट होत जातं आणि खलातून चटचट आवाज येऊ लागतो. तो आला की मगच पुढचं पाणी थोडंथोडं घालायचं. खल ओला असेल किंवा घाई झाली, तर तेल फुटून वेगळं होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बी. फार्म.च्या पहिल्या वर्षातलं हे प्रात्यक्षिक. त्याचा व्हिडिओ काही मिनिटांत बघून होतो, आणि तो आधी बघितलेला बराच. पण तो आवाज ओळखणारा कान आणि ती गती धरणारं मनगट खलापाशीच तयार होतं. ऑनलाइन आणि कॉलेजातलं शिक्षण एकत्र आणताना फार्मसीत सगळा प्रश्न या वाटणीचा आहे.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली आणि ही वाटणी करायला कुणाला वेळच मिळाला नाही. प्रयोगशाळेसकट सगळं कॉलेज पडद्यावर गेलं. त्या अनुभवावरून ऑनलाइन शिक्षणाला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, तालुक्याहून एसटीने येणारी मुलगी फार्माकोकायनेटिक्सचं इंग्रजी व्याख्यान पहिल्यांदा ऐकते, तेव्हा निम्मं तिच्या हातून निसटतं. तेच ध्वनिमुद्रित असेल तर ती हाफ-लाइफपाशी थांबते, मागे जाते, पुन्हा ऐकते. ही सोय साठ जणांच्या वर्गात कुठलाही शिक्षक देऊ शकत नाही.

अमेरिकेत याचा पद्धतशीर प्रयत्न झाला आहे. ओमाहातल्या क्रेटन विद्यापीठाने 2001मध्ये फार्म. डी.चा दूरस्थ मार्ग सुरू केला. सिद्धान्त घरी बसून शिकायचा, पण प्रयोगशाळेसाठी उन्हाळ्यात ओमाहाला यायचंच, ही अट त्यांनी ठेवली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रसेल ममपर यांनी 2012मध्ये फार्मास्युटिक्सच्या एका अभ्यासक्रमाची व्याख्यानं घरी बघायला दिली आणि वर्गातला वेळ चर्चेला, उदाहरणं सोडवायला मोकळा केला. दोन्हीकडे शिक्षकाचं काम कमी झालं नाही. उलट वर्गात येताना त्याची जास्त तयारी लागली.

आपल्याकडे कायद्याची चौकट स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020च्या नियमांनुसार फार्मसीची पदवी संपूर्ण दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाही. बी. फार्म.ला 80 टक्के हजेरी लागते. डी. फार्म.नंतर 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं आहे. ही बंधनं योग्यच आहेत.

तरीही संगणक फार्मसीच्या प्रयोगशाळेत साथीच्या आधीच शिरला होता. पूर्वी औषधाचा परिणाम दाखवायला बेडूक, ससे, उंदीर वापरत. आता बी. फार्म.च्या अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओतून दाखवावेत. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये डॉ. आर. रवींद्रन यांनी तयार केलेलं 'एक्सफार्म' त्यासाठी अनेक ठिकाणी वापरलं गेलं. सशाच्या डोळ्यात ॲट्रोपीन घातल्यावर बाहुली रुंदावते, हे पडद्यावर कितीही वेळा बघता येतं आणि एकही जीव जात नाही. इथे पडदा निःसंशय सरस ठरला.

पण गोळी दाबण्याच्या यंत्रावर ते चालत नाही. दाण्यांमधला ओलावा जास्त राहिला की गोळी पंचला चिकटते. बंधक कमी पडला की वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटतो. आवरण नसलेली साधी गोळी 37 अंशांच्या पाण्यात 15 मिनिटांत फुटली पाहिजे. ती फुटली नाही तर कुठे चुकलं, हे विद्यार्थी स्वतःची बिघडलेली गोळी हातात घेऊन शिकतो. इनहेलर कसा ओढायचा हे वृद्ध रुग्णाला समजावणंही असंच. समोर माणूस लागतो.

म्हणून माझं मत असं: व्याख्यानं खुशाल ऑनलाइन न्या, पण त्यातून वाचलेला प्रत्येक तास प्रयोगशाळेला, दवाखान्याला, औषधाच्या काउंटरला द्या. हे तास वेळापत्रकात लिहून दाखवा. भीती एकाच गोष्टीची आहे. प्रवेशाच्या दिवसांत 'नॉन-अटेंडिंग', म्हणजे कॉलेजात न येता पदवी, हा शब्द अजूनही दबक्या आवाजात फिरतो. 'मिश्र पद्धती' हे त्याचंच नवं, सभ्य नाव होऊ नये. अशा कॉलेजातून बाहेर पडलेला फार्मासिस्ट लहान मुलाच्या सिरपची मात्रा मोजणार असतो.

पालकांना एवढंच सांगणं आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत आणि स्मार्ट बोर्ड बघून परत येऊ नका. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रयोगशाळेत जाऊन उभे राहा. एका खलाभोवती किती मुलं आहेत ते मोजा, आणि गोळ्यांचं यंत्र शेवटचं कधी चाललं, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा.