चेल्सीचा स्तंभ आणि लाहोरचा बालराजा

लंडन : चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनासाठी दर मे महिन्यात इथे अलोट गर्दी लोटते. ते भरते वृद्ध सैनिकांच्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात. तिथेच एक उंच दगडी स्तंभ आहे : १३ जानेवारी १८४९ रोजी पंजाबात चिलियांवाला इथे पडलेल्या इंग्रजांच्या २४व्या पलटणीच्या २५५ जणांचा. शिखांनी त्या दिवशी असा तडाखा दिला, की सरसेनापती गॉफ यांच्या जागी चार्ल्स नेपियर यांना धाडायचे ठरले. ते पोचण्याआधीच, २१ फेब्रुवारीला, पंजाबातल्या गुजरात शहराजवळ गॉफ यांनी तोफांच्या जोरावर युद्ध जिंकले.

इंग्रज माणूस युद्ध लक्षात ठेवतो ते पलटणीच्या नावाने. गावोगावच्या चर्चमध्ये जुनी निशाणे आणि मृतांच्या पाट्या दिसतात. ही निष्ठा खरी आहे, मला तिचा आदर वाटतो. पण युद्ध कशासाठी झाले, हे त्या दगडांवरून कळत नाही.

डिसेंबर १८४६च्या भैरोवालच्या तहाने कंपनी सरकार पंजाबचा लहानगा महाराजा दलीपसिंग याचे पालक झाले होते. आई राणी जिंदन यांना कारभारातून दूर सारले, पुढे पंजाबातूनच घालवले. १८४८ साली मुलतानात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, दिवाण मूलराज बंडात उतरला, मग शीख सरदार शेरसिंग अटारीवाला त्याला मिळाला आणि हे युद्ध पेटले. बंड मोडले पालकाने आणि राज्य गेले पाल्याचे! लाहोरचे रेसिडेंट हेन्री लॉरेन्स यांचा विरोध गव्हर्नर जनरल डलहौसीने जुमानला नाही. २९ मार्च १८४९ रोजी दहा वर्षांच्या पोराचे राज्य खालसा झाले, कोहिनूरही गेला. याला विश्वासघातच म्हटले पाहिजे.

दलीपसिंग १८५४ मध्ये इथे आले. त्यांची कबर एल्व्हेडनला आहे, तर थेटफर्डला १९९९ पासून त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. तो विजयाचे प्रतीक असल्याचे तिथले प्रदर्शन २०२३ पासून उघड सांगते. उशीर झाला, तरी हे चांगलेच झाले.

राणी जिंदन १८६३ मध्ये लंडनमध्येच वारल्या. पार्थिव भारतात न्यायला पुढचे वर्ष उजाडले. मुलाला पंजाबात जायची मुभा नव्हती, म्हणून त्यांची समाधी बांधली गेली नाशिकला, गोदाकाठी पंचवटीत. त्यांच्या अस्थी लाहोरला, पती रणजितसिंगांच्या समाधीपाशी, पोचल्या १९२४ मध्ये. त्या नेल्या त्यांची नात बांबा हिने.