फ्रेंच भाषेतील मुकी व्यंजने

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी अधिक झाले. त्यामुळे पुष्कळ परदेशी नावे आम्ही डोळ्यांनी शिकलो, कानांनी नव्हे. एकदा कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही फ्रान्समधील समाजवादी विचारांवर बोलत होतो. १९१४ साली ज्यांचा खून झाला, त्या नेत्याचे नाव आम्ही 'जौरेस' म्हटले, आणि त्यांच्या आधीच्या एका विचारवंताचे 'प्राउढॉन'. एक विद्वान गृहस्थ मोठ्याने हसले. ते हसू आमच्यापुरते राहते तर चालले असते. पण त्यानंतर वर्गातला एकही कामगार प्रश्न विचारीना. तेव्हापासून आम्ही फ्रेंच व्यंजनांचा नाद धरला. जे कळले ते येथे मांडतो.

प्रथम आनंदाची गोष्ट. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच, जीभ दातांना लावून होतात. प, त, क यांच्यामागे हवेचा झोत नाही. ख, थ, ध असे महाप्राण त्या भाषेत नाहीतच. एच हे अक्षर लिहितात, पण त्याचा ह होत नाही. म्हणून 'प्राउढॉन' नव्हे, 'प्रूदाँ'. आपल्या वर्णमालेत बसून राहिलेला ञ तर तेथे रोज कामावर असतो : डोंगराला 'मोंताञ' म्हणतात.

आता अवघड भाग. र जिभेच्या टोकाने नव्हे, तर जिभेची मागची बाजू पडजिभेजवळ नेऊन घासत काढतात. स किंवा श म्हणताना कंठ घुमवला की दोन निराळे ध्वनी होतात. आपण दोन्ही 'झ'नेच लिहितो. श घुमवून होणारा झ घेतला की नाव होते 'झोरेस'.

शब्दाच्या शेवटचे त, द, स बहुधा लिहितात, पण उच्चारीत नाहीत. पूर्वी उच्चारीत, बोलणे पुढे गेले, लेखन मागे राहिले. म्हणून पॅरिस त्यांच्या तोंडी 'पारी'. (झोरेसमधला स मात्र ऐकू येतो, विशेषनामे कानांनीच शिकावीत.) परंतु पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की मुके व्यंजन पुष्कळदा बोलू लागते. 'ले' या अनेकवचनी उपपदाच्या शेवटी स लिहितात. 'ले कामाराद', म्हणजे सोबती, यात तो गप्प असतो. पण 'ऊव्रिए', म्हणजे कामगार, पुढे आले की 'लेझूव्रिए' होते.

येथे एक सावधगिरी हवी. काही शब्दांच्या आरंभीचा एच स्वतः वाजत नाही, पण ही जोडणी अडवतो. वीरांना 'ले एरो' असे तोडूनच म्हणावे. जोडून 'लेझेरो' म्हटले, तर वीरांची शून्ये होतात!

उच्चार चुकला म्हणजे विचार चुकला, असे नव्हे. तरीही चूक सुधारता येते, आणि ती चारचौघांत सुधारण्यात कमीपणा नाही. पुढच्या वर्गात आम्ही आमच्याच दोन चुका आधी फळ्यावर लिहिल्या. त्या दिवशी प्रश्न पुन्हा सुरू झाले.