गोड पदार्थांचे प्रमाण आणि रक्तशर्करा

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर 100 मिलिलिटर रक्तात 70 ते 100 मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर सर्व रक्तातील ग्लुकोज साडेतीन ते पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा भरते. दिवाळीच्या फराळातील एका बेसन लाडवात याच्या कितीतरी पट कर्बोदके असतात. ती रक्तात साचून राहत नाहीत, याचे कारण इन्शुलिनच्या प्रेरणेने यकृत व स्नायू ग्लुकोज वेळीच उचलून घेतात.

कोणता पदार्थ रक्तशर्करा किती वाढवितो हे मोजण्यासाठी टोरांटो येथे जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये शर्करा-निर्देशांकाची कल्पना मांडली. हा निर्देशांक पदार्थाच्या 50 ग्रॅम कर्बोदकांवर काढतात, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. कलिंगडाचा निर्देशांक 70 च्या वर दाखविला जातो. परंतु तेवढी कर्बोदके मिळण्यास सहाशे ग्रॅमहून अधिक गर खावा लागेल! यास्तव 1997 मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी शर्कराभार हे माप योजिले : निर्देशांकास कर्बोदकांच्या ग्रॅमनी गुणून 100 ने भागावयाचे. दहापर्यंतचा भार अल्प व विसापासून पुढचा जड मानतात.

आता लाडवाकडे वळू. चण्याचे पिष्ट सावकाश पचते आणि तूप जठर रिकामे होण्याची गती मंदावते. त्यामुळे निर्देशांक बेताचा राहतो. तो 50 आणि एका लाडवातील कर्बोदके 25 ग्रॅम मानू. एका लाडवाचा भार साडेबारा, दोहोंचा पंचवीस. निर्देशांक तोच असूनही खाणारा 'जड' वर्गात गेला. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. प्रमाण दुप्पट झाले म्हणजे रक्तशर्करेचे शिखर दुप्पट उंच होतेच असे नाही. पण चढलेली पातळी अधिक वेळ टिकते. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात इन्शुलिनचा पहिला त्वरित स्राव मंदावलेला असल्याने हा काळ आणखी लांबतो. 'निर्देशांक कमी, तेव्हा चालेल' हा सल्ला अशा रुग्णास म्हणूनच अपुरा, किंबहुना घातक होय.

लाडू निदान मोजून खाल्ला जातो. शंकरपाळ्यांचे तसे नसते. बोलता बोलता डबा अर्धा होतो. आहारपाहणीत 'फराळ केला' एवढी नोंद पुरेशी मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी तराजू जवळ बाळगावा.