प्रतिपिंडांची मोजणी : कशासाठी, कोणाची आणि केव्हा?

यंदाच्या जमाखर्चात 'कर्मचारी लसीकरणोत्तर रक्ततपासणी' या शीर्षकाखाली एक लहानसा खर्च दाखविलेला आहे. हिशेब चाळताना एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारणा केली, "लस दिली, तिचा खर्चही झाला. मग ती लागू पडली की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा खर्च कशाला?" त्याच आठवड्यात कुत्रा चावलेल्या एका मुलाचे वडील बाह्यरुग्ण विभागात आले. त्यांचे म्हणणे नेमके उलट होते. "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे. त्याचे रक्त तपासा. प्रतिपिंडे निघाली तर मुलाला इंजेक्शने नकोत." पहिली तपासणी रुग्णालय आग्रहाने करते, दुसरी विनंती आमच्या डॉक्टरांनी मान्य केली नाही. या दोन निर्णयांमागील विचार देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडावा, या हेतूने हे टिपण लिहिले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने यातील वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

विषाणू शरीरात शिरला अथवा लस टोचली, की शरीर त्या विषाणूला ओळखून त्याला चिकटणारी विशिष्ट प्रथिने तयार करते. हीच प्रतिपिंडे होत. त्यांची मोजणी मुख्यत्वे दोन प्रकारे होते. पहिली पद्धत 'एलायझा'. ती १९७१ साली स्वीडनमधील एंग्वाल व पर्लमन या संशोधकांनी प्रसिद्ध केली. प्लास्टिकच्या पट्टीवरील लहान खळग्यांत विषाणूचा अंश चिकटविलेला असतो. त्यात रुग्णाच्या रक्तातील सीरम घातले की प्रतिपिंडे त्या अंशाला धरून बसतात, आणि नंतर घातलेल्या रसायनांमुळे रंग उमटतो. रंग जितका गडद तितकी प्रतिपिंडे अधिक. दुसरी पद्धत अधिक कष्टाची आहे. तीत सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करून जिवंत विषाणूत मिसळतात आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर सोडतात. सीरम किती पातळ केले तरी विषाणू निष्प्रभ होतो, यावरून प्रतिपिंडांचे बळ ठरते. पहिली पद्धत प्रतिपिंडे किती आहेत हे सांगते, तर दुसरी ती विषाणूला रोखतात काय हे दाखविते.

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळतो. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तावाटे पसरतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्यास ०, १ व ६ महिने या क्रमाने तीन मात्रा दिल्या जातात. निरोगी तरुण व्यक्तींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत त्या लागू पडतात. परंतु काहींच्या बाबतीत तसे होत नाही. वाढते वय, स्थूलता, धूम्रपान व मूत्रपिंडाचे विकार असल्यास हे प्रमाण आणखी घटते. वरून पाहता अशी व्यक्ती ओळखता येत नाही.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीत कचरा गोळा करताना आमच्या एका सफाई कर्मचारी भगिनीस सुई टोचली. रुग्ण हिपॅटायटिस बी बाधित होता. त्यांच्या नस्तीत तिन्ही मात्रांची नोंद व्यवस्थित होती. मात्र लसीनंतरची तपासणी कधीच झालेली नव्हती. तातडीने रक्त तपासले, तेव्हा प्रतिपिंडे १० एककांपेक्षा कमी आढळली. त्यांना त्वरित इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, देण्यात आले व नव्याने लसीकरण सुरू झाले. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत संसर्ग आढळला नाही. तोपर्यंतचे ते सहा महिने त्यांच्या कुटुंबाने कसे काढले, हे आम्ही जवळून पाहिले. नस्तीतील नोंद म्हणजे संरक्षण नव्हे, हा धडा प्रशासनाला त्या प्रसंगाने दिला.

म्हणूनच तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी ही तपासणी करण्यात येते. प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके अथवा अधिक प्रतिपिंडे आढळल्यास लस लागू पडली असे मानतात. कमी आढळल्यास लसीकरण पुन्हा केले जाते, आणि तरीही उपयोग न झाल्यास 'सुई टोचल्यास तात्काळ इम्युनोग्लोब्युलिन' अशी नोंद नस्तीवर होते. एकदा ही पातळी गाठलेल्या निरोगी व्यक्तीची तपासणी दरवर्षी करण्याचे कारण नाही. काळाच्या ओघात आकडा उतरतो, पण शरीराची स्मृती कायम असते. व्यापाराच्या भाषेत, शिल्लक घटली तरी पत टिकून राहते. डायलिसिसचे रुग्ण मात्र याला अपवाद होत. त्यांची तपासणी दरवर्षी करून पातळी १० च्या खाली गेल्यास वाढीव मात्रा द्यावी लागते.

आता कुत्र्याच्या रक्ताविषयी. रेबीजसाठी प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पातळी पुरेशा प्रतिसादाची खूण मानतात. भारतातून युरोपीय संघाच्या देशांत कुत्रा न्यावयाचा असल्यास लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा तसा अहवाल सादर करावा लागतो. तेथे प्रश्न इतकाच असतो की, कुत्र्याला दिलेली लस लागू पडली काय? चावा झाल्यावरचा प्रश्न निराळा असतो : त्या क्षणी कुत्र्याच्या लाळेत विषाणू होता काय? त्याचे उत्तर प्रतिपिंडांच्या आकड्यातून मिळत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, लस तात्काळ सुरू करणे आणि जखम खोल असल्यास तीत इम्युनोग्लोब्युलिन देणे, यांत विलंब चालत नाही. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवावे, पण उपचार सुरू करून. सदर मुलाच्या वडिलांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी पहिली मात्रा देऊ दिली.

एकाच तपासणीचा अर्थ प्रश्नानुसार कसा पालटतो, याचे उत्तम उदाहरण गुरांच्या बुळकांडी रोगाचे आहे. लसीकरणाच्या काळात गुरांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडणे ही समाधानाची बाब होती. लसीकरण थांबविल्यानंतर जन्मलेल्या वासरात तीच सापडली असती, तर विषाणू कोठेतरी दडून आहे असा इशारा ठरला असता. अशा दक्षतेतूनच भारत २००६ साली बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले.

कोविड काळात अनेकांनी हौसेने आपली प्रतिपिंडे मोजून घेतली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली विकसित केलेल्या 'कोविड कवच' एलायझाचा खरा उपयोग देशव्यापी सर्वेक्षणांत झाला. २०२१ च्या जून-जुलैमधील सर्वेक्षणात ६७.६ टक्के व्यक्तींत प्रतिपिंडे आढळली. साथ व लसीकरण समाजात कोठवर पोहोचले, हे त्यावरून कळले. एखाद्या व्यक्तीने मुखपट्टी काढावी की नाही, हे त्यावरून ठरत नव्हते.

तेव्हा नातेवाइकांना विनंती की, अशा तपासणीचा आग्रह धरण्यापूर्वी 'अहवाल आल्यावर उपचारात काय बदल होईल?' असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. कर्मचाऱ्यांच्या तपासणीबाबत या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी आहे, म्हणूनच तो खर्च पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकातही ठेवला आहे. 

– प्रशासकीय अधिकारी